काका राहायचे एका काउंटीत, वारले दुसरीत: 30 वर्षांनी काढलेल्या एका मृत्यू दाखल्याचं प्रकरण

आमच्या घरातलं हे प्रकरण जरा सविस्तर लिहून काढतेय, कारण ज्यांचं कोणी ना कोणी अमेरिकेत जाऊन तिकडेच वारलंय आणि इकडे गावच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव अजून तसंच आहे अशी घरं मी आता बरीच बघितलीत, आणि सगळीकडे गाडी त्याच एका ठिकाणी अडते, की दाखला मागायचा तर कुणाकडे.

परिस्थिती अशी. माझे मोठे काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, 1969 साली नोकरीसाठी अमेरिकेत गेले. लग्न केलं नाही. सुरुवातीला चार-दोन वर्षांनी यायचे, मग आजी गेली 1989 ला आणि त्यानंतर येणं बंदच झालं, पत्रं तेवढी यायची. 1994 च्या नोव्हेंबरमधे शेजारच्यांच्या फोनवर तिकडून त्यांच्या कुणा मित्राचा फोन आला की ते गेले, हार्ट ॲटॅक. बाबा सांगतात की लाइन खरखरत होती, तो माणूस इंग्रजीत बोलत होता आणि त्यांना फक्त सॅन फ्रान्सिस्को एवढाच शब्द नीट ऐकू आला. बाबांनी वाईला जाऊन दर्भाची प्रतिमा करून सगळे विधी केले. अस्थींचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो सल बाबांच्या मनात कायम राहिला.

वाईजवळच्या आमच्या गावात आजोबांची जमीन, त्यावर तिघा भावंडांची नावं, काका, बाबा आणि आत्या. 2024 मधे बाबांना 80 वं लागलं आणि त्यांनी ठरवलं की आपल्या हयातीत हे निस्तरायचं, नाहीतर पुढच्या पिढीला काकांचं नाव कमी करताच येणार नाही. तलाठी भाऊसाहेबांकडे गेलो तर त्यांनी सरळ सांगितलं, वारस नोंद करून देतो पण मृत्यू दाखला पाहिजे, आणि परदेशातला असेल तर अपॉस्टिल केलेला, म्हणजे तिकडच्या सरकारने खरा म्हणून प्रमाणित केलेला पाहिजे. त्यांचं काही चुकलं नाही, दाखल्याशिवाय फेरफार धरणार कसा. पुढे त्यांनी विचारलं, त्यांना बायको-मुलं होती का तिकडे? आम्ही म्हटलं नाही, लग्नच केलं नव्हतं. ते म्हणाले, कागदावर काय आहे? आमच्याकडे कागदच नव्हता.

तर आमच्या हातात काय होतं: बाबांच्या ट्रंकेतली सहा पत्रं, शेवटचं 1992 चं, त्यावर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचा पत्ता. कंपनीचं नाव नाही, त्या मित्राचं नाव नाही. आणि माझा मामेभाऊ सॅन होजेला असतो, ही मोठी जमेची बाजू.

आता इथे आम्ही पहिली चूक केली. मला वाटलं पत्ता फ्रीमॉन्टचा म्हणजे नोंद फ्रीमॉन्टची. फ्रीमॉन्ट अलामेडा काउंटीत येतं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच), तिथलं नोंदी ठेवणारं क्लर्क-रेकॉर्डर ऑफिस ओकलंडला. मामेभावाने फॉर्म डाउनलोड करून भरला, वर्ष 1994 टाकलं, 24 डॉलरचा चेक लावला आणि पोस्टाने पाठवून दिला. काही आठवड्यांनी उत्तर आलं की या नावाची नोंद आमच्याकडे नाही, तसा त्यांचा सही-शिक्क्याचा कागदच येतो. पैसे परत येत नाहीत, कारण फी नोंद शोधण्यासाठी असते, सापडो न सापडो. त्या दिवशी बाबांचा चेहरा पडला, म्हणाले दादाची तिकडे नोंदच केली नाही का कुणी? मला फार वाईट वाटलं कारण चूक त्या ऑफिसची नव्हतीच, आम्ही भलत्या दारात उभे होतो.

मृत्यूची नोंद माणूस राहतो कुठे यावर होत नाही, तो वारला कुठे यावर होते. आपल्याकडेही तसंच आहे की, साताऱ्याचा माणूस पुण्याच्या हॉस्पिटलमधे गेला तर दाखला पुणे महापालिकेचा निघतो, साताऱ्याचा नाही. हे मला माहीत होतं, पण अमेरिका म्हटल्यावर डोक्यातच आलं नाही. आपल्या आनंदीबाई जोशींचं बघा, त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सीच्या दफनभूमीत आहेत, तिथे त्यांचा दगडही आहे, म्हणून कुणी तिकडे मृत्यूची नोंद शोधत बसलं तर मिळणार नाही, कारण त्या वारल्या पुण्यात, 26 फेब्रुवारी 1887 ला. दफनाचं ठिकाण, राहायचं ठिकाण आणि मृत्यूचं ठिकाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दाखला फक्त तिसरीकडे मिळतो. (न्यूयॉर्क राज्यात तर नोंद काउंटीकडेही नसते, ती गाव किंवा शहराच्या रजिस्ट्रारकडे आणि राज्याच्या हेल्थ डिपार्टमेंटकडे असते, आणि न्यूयॉर्क सिटीचं खातं आणखी वेगळं. म्हणजे आधी राज्य कुठलं ते बघायचं आणि मगच काउंटी म्हणायचं.)

मग शोधायचं कसं? कॅलिफोर्नियाची 1940 ते 1997 या काळातल्या मृत्यूंची एक सूची आहे, कॅलिफोर्निया डेथ इंडेक्स, ती फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघता येते, फक्त अकाउंट उघडावं लागतं. त्यात नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यू कुठल्या काउंटीत झाला ते असतं. हे मी आधी केलं असतं तर दोन महिने वाचले असते. काका 1998 ला गेले असते तर मात्र या सूचीत नसते. सोशल सिक्युरिटी डेथ इंडेक्स म्हणून दुसरी देशभराची सूची आहे, तिचा उपयोग होतो पण ती जपून वापरायची, कारण त्यात शेवटचा राहायचा पत्ता असतो, मृत्यूची जागा नाही. म्हणजे तिने आम्हाला परत फ्रीमॉन्टलाच नेऊन सोडलं असतं. शिवाय मृत्यूनंतर पहिली तीन वर्षं त्यातलं नाव सगळ्यांना बघायला मिळत नाही, 2013 च्या कायद्याने ते बंद केलंय, त्यामुळे ताज्या प्रकरणात ती रिकामीच दिसते.

काकांचं नाव ज्ञानेश्वर, आणि इथे स्पेलिंगने दोन संध्याकाळी खाल्ल्या. आपण मराठी माणसं डी-एन-वाय ने सुरू करतो, बाकीचे लोक जी-एन-वाय किंवा जी-वाय करतात, आणि तिकडच्या क्लार्कला डी च्या मागे लगेच एन बघून ती टायपिंगची चूक वाटू शकते. मी सगळे प्रकार टाकून बघितले, काही नाही. मग पहिलं नाव सोडूनच दिलं, फक्त आडनाव आणि 1994 एवढंच टाकलं. तीन नोंदी आल्या. एक बाईची. उरलेल्या दोन पुरुषांच्या, एकाचं पहिलं नाव नुसतं ज्ञान, पुढे व्ही. मी बाबांना हाक मारली. स्क्रीनवर जन्मतारीख होती 1 जून 1936. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, मग म्हणाले हा दादाच. आता 1 जून म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, काकांचा खरा जन्म श्रावणातला, शाळेत गुरुजींनी 1 जून लावली, बाबांचीही 1 जूनच. आणि आईच्या माहेरच्या आडनावाच्या रकान्यात शिंदे. आमची आजी शिंद्यांचीच. म्हणजे आजीचं माहेरचं नाव, जे आमच्या सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर कुठेच कधी लिहिलं गेलं नाही, ते कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोंदीत होतं आणि त्याच्यावरूनच काका पक्के झाले. मृत्यूची काउंटी: सांता क्लारा.

सांता क्लारा म्हणजे सॅन होजे, माझा मामेभाऊ जिथे राहतो तेच. तो शनिवार-रविवारी भाजी आणायला जातो त्या भागाची नोंद, आणि आम्ही पाकिटं पाठवत होतो ओकलंडला.

यानंतर दुसरा प्रश्न आला, मागायचा कुणी. कॅलिफोर्नियात दाखल्याच्या दोन जाती आहेत, 2003 पासून असं आहे. एक ऑथोराइज्ड कॉपी, जी कायदेशीर कामाला चालते, आणि एक इन्फॉर्मेशनल कॉपी, जी कुणीही मागू शकतं, पण तिच्यावर ठळक छापलेलं असतं की ही फक्त माहितीसाठी आहे, ओळख सिद्ध करायला वैध नाही. ऑथोराइज्ड कॉपी कुणाला मिळते त्याची यादी ठरलेली आहे: आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं, आणि वकील, कोर्टाचा आदेश असलेला माणूस असे काही. या यादीत पुतणी नाही. भाचा नाही. मामेभावाचा तर संबंधच नाही. म्हणजे इतकी धावपळ करणाऱ्या आम्हा दोघांपैकी कुणालाच तो दाखला मिळत नव्हता, मिळणार होता तो बाबांना नाहीतर आत्याला, सख्खे भाऊ-बहीण म्हणून. मला हा नियम बरोबर वाटतो, कारण त्या कागदावर माणसाच्या आयुष्याचं बरंच काही असतं, पण माहीत असावा लागतो.

आम्ही दोन टप्प्यांत केलं आणि इतरांनाही मी हेच सांगते. आधी मामेभाऊ स्वतः काउंटरवर गेला आणि इन्फॉर्मेशनल कॉपी घेऊन आला, फी तेवढीच, 24 डॉलर, पण त्याच दिवशी हातात. त्यावरून हेच काका याची खात्री झाली, आणि मुख्य म्हणजे नाव त्यांच्या दप्तरात नेमकं कसं लिहिलंय, मृत्यूची तारीख काय, हे कळलं, ते तसंच्या तसं पुढच्या अर्जात टाकलं. अजून एक, बऱ्याच काउंट्यांमधे चालू आणि मागच्या वर्षाचे मृत्यू हेल्थ डिपार्टमेंटकडे असतात आणि जुने रेकॉर्डरकडे, आमचं 30 वर्षांपूर्वीचं म्हणून रेकॉर्डर. आणि काउंटी कुठली हे कशानेच कळलं नाही तर राज्याच्या ऑफिसला, सॅक्रामेंटोला लिहिता येतं, त्यांच्याकडे जुलै 1905 पासूनच्या सगळ्या काउंट्यांच्या नोंदी आहेत, फक्त वेळ जास्त लागतो.

ऑथोराइज्ड कॉपी पोस्टाने मागायची तर अर्जासोबत एक शपथपत्र लागतं, की मी मृताचा अमुक नातेवाईक आहे, आणि त्यावर नोटरी लागते. बाबा वाईत. आम्ही मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटची नोटरीची अपॉइंटमेंट घेतली, दर शिक्क्याला 50 डॉलर पडतात. आदल्या रात्री बाबांनी मोठ्या हौसेने शपथपत्र नीट भरून, खाली झोकदार सही करून फाइलमधे ठेवलं. सही नोटरीच्या समोरच करायची असते! नशीब मी सकाळी निघताना बघितलं आणि कोरा फॉर्म परत प्रिंट करून घेतला, नाहीतर वाई ते बीकेसी आणि परत अशी 80 वर्षांच्या माणसाची फेरी वाया गेली असती. हे खरंच लक्षात ठेवा, कागद भरून न्या पण सही करू नका.

शपथपत्र, अर्ज, बाबांच्या पासपोर्टची झेरॉक्स हे कुरियरने मामेभावाकडे, त्याने स्वतःचा चेक लावला कारण पैसे अमेरिकन बँकेवरच्या चेकने किंवा मनी ऑर्डरनेच द्यायचे होते, आणि परतीचा पत्ता त्याचाच दिला. आम्ही दोन प्रती मागितल्या, एक कामाला आणि एक घरी.

दाखला आला तो त्याने अपॉस्टिलसाठी सॅक्रामेंटोला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसला पाठवला, 20 डॉलर, आणि सोबत लिहायचं असतं की हा कागद कुठल्या देशात वापरायचाय. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे पुढे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. यात एक बारीक मेख आहे, दाखल्यावर सही कुणाची आहे ते बघायचं. क्लर्क-रेकॉर्डरची किंवा राज्याच्या रजिस्ट्रारची असेल तर सरळ होतं, हेल्थ ऑफिसरची असेल तर आधी काउंटी क्लर्ककडून ती सही प्रमाणित करून आणावी लागते. आमचा जुना रेकॉर्ड रेकॉर्डरकडचा असल्याने तो फेरा वाचला.

बाकीच्या राज्यांचं मी खोलात जात नाही, प्रत्येकाचे नियम वेगळे, टेक्ससमधे मृत्यूची नोंद 25 वर्षांनी सगळ्यांना खुली होते, कॅलिफोर्नियात तसं किती वर्षं झाली तरी बंधन उठत नाही. त्या त्या राज्याचं बघून घ्या.

आता त्या कागदाबद्दल. मला वाटलं होतं आपल्यासारखाच पाच-सात ओळींचा दाखला असेल, नाव, तारीख, ठिकाण. तो निघाला मूळ फॉर्मची पूर्ण प्रत, रंगीत नक्षीच्या कागदावर, अक्षरं 1994 ला टाइप केलेली तशीच, एखादं अक्षर ओळीच्या जरा वर गेलेलं. पन्नासेक रकाने. नाव, वैवाहिक स्थिती: अविवाहित, कधीच लग्न नाही. भाऊसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. वडिलांचं नाव: पूर्ण, विठ्ठल, आडनावासकट, जन्म भारत. हे फार कामाला आलं, कारण सातबाऱ्यावर ज्ञानेश्वर विठ्ठल आणि दाखल्यावर ज्ञान व्ही, दोन्ही एकच माणूस हे त्या रकान्यावरून जुळवता आलं, सोबत बाबा आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

शिक्षण किती वर्षं: 16. धंदा: इंजिनिअर, किती वर्षं केला: 32. राहायची काउंटी अलामेडा, त्या काउंटीत किती वर्षं: 17. मृत्यूची काउंटी सांता क्लारा, ठिकाण सॅन होजेचं एक हॉस्पिटल, वेळ दुपारी. वार कामाचा होता. म्हणजे ते सकाळी फ्रीमॉन्टहून कामाला काउंटीची हद्द ओलांडून गेले आणि परत आलेच नाहीत. मृत्यूचं कारण हृदयविकार, आणि त्याच्यापुढे एक रकाना असतो, त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती वेळ. त्यात 2 तास. आत्याने मला तो रकाना तीनदा वाचायला लावला. 30 वर्षं तिच्या मनात होतं की दादा एकटाच खोलीत पडून राहिला असेल, कुणाला कळलंही नसेल किती दिवस. 2 तास, आणि ते हॉस्पिटलमधे होते, लोक होते भोवती. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात एका माणसाचं नाव, आणि नातं: मित्र. फोन केला तो हाच असणार. आजीचं माहेरचं आडनाव त्या माणसाला माहीत होतं, म्हणजे काका त्याच्याशी घरच्यांबद्दल बोलत असणार, हे बाबा म्हणाले, मला सुचलं नव्हतं.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर टाकला, दाखला, त्याचं मराठी भाषांतर, प्रतिज्ञापत्र, वंशावळ हे सगळं लावलं. आई-वडील आधीच गेलेले, बायको-मुलं नाहीत, म्हणून वारस भाऊ आणि बहीण, दोघं समान. पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. काकांचं नाव कमी झालं. सगळं धरून नऊ महिने, त्यातले पहिले दोन चुकीच्या काउंटीत गेलेले.

पण बाबांसाठी प्रकरण त्या फेरफाराने संपलं नाही. दाखल्यावर खालच्या अंगाला अंतिम विल्हेवाटीचा रकाना असतो. त्यात टाइप केलं होतं: दहन, आणि पुढे, समुद्रात, सॅन मतेओ काउंटीच्या किनाऱ्यापासून. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, म्हणजे अस्थी पाण्यात सोडल्या? मी म्हटलं हो, त्या मित्राने सोडल्या असतील किंवा सोडायला सांगितल्या असतील. ते म्हणाले समुद्रात ना, मग ठीक, कृष्णा पण तिकडेच जाते शेवटी.

नंतर त्यांनी मामेभावाला फोन करून विचारलं की तो किनारा तुझ्यापासून किती लांब आहे रे. तो एका रविवारी पहाटे गाडी काढून हाफ मून बेला गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सात, आपल्याकडे साडेसात, दिवेलागण झालेली. धुकं होतं, पाणी राखाडी, वाऱ्याने त्याचा आवाज नीट येत नव्हता. बाबा सोप्यावरून उठून उभे राहिले, थोडा वेळ बघितलं, आणि मोबाइल आत्याच्या हातात दिला.